उत्तरेच्या कोपऱ्यातलं कासव

आमच्या कासवाने खाणं सोडलं, म्हणून त्याला टोपलीत घालून, वर टॉवेल टाकून मी एका डॉक्टर मुलीकडे नेलं. परदेशीपुऱ्यातल्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत ती बसते. साप, सरडे, कासवं एवढंच बघते. वयाने माझ्या मुलीएवढी असेल. कासवाला हात लावायच्या आधी तिने दोन्ही तळवे चहाच्या गरम ग्लासावर शेकून घेतले.

"घरात कुठे ठेवता, काकू?"

"उत्तरेच्या कोपऱ्यात. वास्तुवाल्याने सांगितलं होतं, बरकत राहते म्हणून."

तिने माझा अंगठा धरून कासवाच्या पाठीवर टेकवला. पाठ भिजलेल्या खाकऱ्यासारखी दबली. मी झटकन हात मागे घेतला.

"तिथे ऊन येत नाही ना? बिना धूप के याची हड्डीच बनत नाही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मीच विषय बदलून विचारलं, "तुझ्या घरचे काय म्हणतात गं, या कामाला?"

कासवावरची नजर न काढता ती हसली. "आई लग्नाकार्यात सांगते, मुलगी स्किनची डॉक्टर आहे."

मला त्या आईचा असा संताप आला! एवढी गुणी पोर, आणि आईलाच तिची लाज कसली वाटते? घरापर्यंत मी त्या बाईला मनातल्या मनात सुनावत आले.

जिन्यात शेजारच्या भाभी भेटल्या. टोपलीकडे बघत म्हणाल्या, "कहाँ हो आईं, भाभीजी?"

"सब्जी लेने," मी म्हणाले, आणि टॉवेल नीट सारखा केला.