वेचणीच्या दिवसांत पांढरी खूण

आमच्या क्लबाच्या बातम्या एका काळ्या फळ्यावर लिहिल्या जात. तो फळा शाळेने टाकून दिलेला होता आणि मीच तो सायकलवरून ओढत आणला होता. अकोल्याबाहेर लढाईच्या काळात बांधलेली धावपट्टी, एक पत्र्याची शेड, दोघांपुरतं एक शिकाऊ विमान आणि शेडजवळच्या कडुलिंबाला टांगलेला हा फळा, एवढाच आमचा फ्लाइंग क्लब. मेंबरांत जिनिंगवाले होते, वकील होते, एक दातांचे डॉक्टर होते. त्यांच्यात मी कसा जाऊन बसलो, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. मी शाळेत शास्त्र शिकवायचो. अक्षर बरं होतं म्हणून क्लबाचं लिहिणं-पुसणं माझ्याकडे आलं, आणि त्या बदल्यात मला उडायला शिकवायचं असं ठरलं.

साठ सालानंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. दर रविवारी सकाळी मी ओल्या फडक्याने जुन्या बातम्या पुसून नव्या लिहीत असे. वकीलसाहेबांनी एकट्याने पहिली फेरी मारली, पेढे शेडमध्ये ठेवले आहेत. धावपट्टीवर म्हशी असल्यास उतरण्याची घाई करू नये. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावरून नाहीशी झाली आहे, कोणी नेली असल्यास आणून द्यावी. (ती पुढे एका बैलगाडीत सरकी भरलेली सापडली.) दातांचे डॉक्टर अमरावतीला म्हणून निघाले आणि अचलपूरला पोचले, तरी मूर्तिजापूरला डावीकडे फुटणारा छोट्या गाडीचा रूळ बडनेऱ्याचा समजू नये.

डॉक्टरांना सगळे हसले, मी जरा जास्तच हसलो. आम्हाला शिकवणारे कप्तानसाहेब मात्र हसले नाहीत. ते लष्करातून निवृत्त झालेले, उत्तरेकडचे, आमच्याशी हिंदीतच बोलणारे. ते म्हणाले, "रास्ता भूल गए तो बोलो कि भूल गए. जो गाँव नीचे दिखे, उसी को अपना मत बना लो." मी हे ऐकलं, मान डोलावली आणि विसरलो.

माझं लांबचं एकट्याचं उड्डाण ठरलं ते दिवाळीनंतर. अकोल्याहून रुळाच्या सोबतीने अमरावतीपर्यंत जायचं, गावावर एक फेरी मारायची आणि न उतरता परत यायचं. आमचं गाव भातकुलीच्या बाजूला. परतताना थोडी वाट वाकडी केली की आमच्या वावरावरून जाता येत होतं, आणि कप्तानसाहेबांनी तेवढी मुभा दिली. मी शनिवारी एसटीने घरी गेलो, बाबांना सांगायला.

बाबा माझ्याशी तेव्हा कामापुरतंच बोलत. मी शेती सोडून शाळेत गेलो, ते त्यांनी गिळलं होतं. त्यावर हे उडण्याचं खूळ निघालं तेव्हा त्यांचा अबोला जवळजवळ पक्काच झाला. ते भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते माझ्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघत, आणि ते मला फार लागे.

मी म्हणालो, "बाबा, रविवारी सकाळी मी आपल्या वावरावरून जाणार हाये."

ते दोरी वळत होते. पीळ देता देताच म्हणाले, "वरून तुले आपलं वावर वळखू येईन?"

"येईन ना."

"खालून तं येत नाई."

मग तेच म्हणाले, "वळखलं तं मी मानीन, का तू अजून घरचा हायेस."

एवढं लांब वाक्य ते माझ्याशी वर्षभरात बोलले नव्हते. मी इतका हुरळलो की घाईघाईने म्हणालो, "तुमी असं करा, धुऱ्यावर एक पांढरं धोतर पसरून ठेवा. म्हंजे मले लगेच दिसन." धुरा म्हणजे वावराचा बांध. आमच्या क्लबात उतरण्याची खूण म्हणून हिरव्या गवतावर पांढरं कापड अंथरत, तेच माझ्या डोक्यात होतं. बाबांनी हातातली दोरी थांबवली.

"पांढरं?" त्यांनी विचारलं.

"हो."

मग त्यांनी पुन्हा दोरी वळायला घेतली. मला वाटलं, पटलं.

रविवारी जाताना काही अडचण आली नाही. मूर्तिजापूरचा छोटा रूळ मी मोठ्या दिमाखात टाळला, अमरावतीवर फेरी मारली आणि वळलो. भातकुलीच्या बाजूला आलो, खाली पाहिलं आणि माझं डोकंच चालेना. वेचणीचे दिवस. कापूस फुटलेला. जिकडे बघावं तिकडे वावरं पांढरी. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून, दर दिवाळीला ओटीत कापूस वेचून मोठा झालेला मी, कापसाच्या दिवसांत पांढरी खूण मागून बसलो होतो!

तरी मी खाली आलो, जितकं येता येतं तितकं. तेव्हा धोतरं दिसली. एक नाही, दोन नाही, दहा-बारा. या धुऱ्यावर एक, त्या धुऱ्यावर एक, विहिरीच्या काठावर एक, कुठे लुगडंही. कोणतं आपलं? मी एक चक्कर मारली, दुसरी मारली. खाली माणसं धावत होती, वेचणाऱ्या बाया उभ्या राहून वर बघत होत्या. आपली विहीर, आपली बाभूळ, आपली पायवाट, सगळं मला तोंडपाठ होतं आणि वरून त्यातलं एकही जुळत नव्हतं. माझ्याच गावावर मी परक्यासारखा घिरट्या घालत होतो. कदाचित हे आपलं गावच नसेल, असंही एकदा वाटून गेलं.

चौथ्या चकरेला एका विहिरीजवळ धोतर दिसलं, आणि त्याच्या शेजारी उभा एक माणूस दोन्ही हात वर करून नाचल्यासारखा हलवत होता. हेच! मी विमानाचे पंख दोनदा डावी-उजवीकडे झुकवून त्याला सलामी दिली. माझे डोळे भरून आले होते, हेही सांगून टाकतो. परत येऊन फळ्यावर लिहिलं, शास्त्राच्या मास्तरांनी अमरावतीपर्यंत एकट्याने उड्डाण केले व परतताना स्वतःचे वावर ओळखले. शेवटच्या चार शब्दांखाली रेघ मारली.

पुढच्या रविवारी घरी गेलो तर आमच्या ओसरीवर शेजारचे काका चहा पीत बसलेले. मी दारातच थबकलो. त्यांचं वावर आमच्या वावराला लागून. धुरा दोन तासं इकडे की तिकडे, म्हणजे नांगराच्या दोन ओळींवरून, त्यांच्यात आणि बाबांत भांडण होतं. नऊ वर्षं दोघं एकमेकांच्या दारात आले नव्हते.

"ये पायलट, ये!" काका उठून उभे राहिले. "पुऱ्या गावानं धोतरं पसरली होती. तुह्या बापानं पारावर सांगतलं, का पोट्टं येनार हाये, पांढरं पसरा म्हनते. लोक म्हनले, वर एकटं भटकलं बिचारं तं? मंग मी काहून मागं राहू? अन् तू सारं गाव सोडून मले सलाम केला! मी घरी म्हनलो, बापानंच सांगतलं असन त्याले, का पयले काकाले सलाम कर."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा बशीकडे बघत होते. "पी, थंडा होऊन राहिला," ते काकांना म्हणाले.

काका गेल्यावर बाबांनी मला वावरात नेलं. विहिरीजवळ आल्यावर त्यांनी बोट दाखवलं. "ते त्याचं. आपली हिर इकडं."

"अन् तुमचं धोतर कुठी होतं?"

"मी पसरलंच नोतं."

"काहून?"

"वेचनीच्या दिवसात पांढरं पसरा म्हने. पयले मले वाटलं, चेष्टा करून राहिला. मंग म्हनलो, याले वावर वळखायचं हाये का धोतर?" ते बाभळीखाली जाऊन उभे राहिले. "इथी उभा होतो. तू चार चक्कर मारले. दोनदा तं डोक्यावरूनच गेला. मले वाटे, आता वळखते, आता वळखते."

"हात तरी करायचा, बाबा."

"कायले? माह्याच पोराले हात करून बलावू?"

जमीन दुभंगावी असं वाटणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हणालो, काकांना खरं सांगून टाकतो. बाबा एकदम म्हणाले, "आता नको सांगू. नऊ वर्सानं घरी आला तो." आपण चूक केली की भलं केलं, हेच मला कळेना. आजही विचाराल तर नक्की सांगता येणार नाही. त्या दुपारी मी बाबांच्या मागे मागे सगळा धुरा फिरलो. विहीर, बाभूळ, काकांच्या बाजूला भांडणामुळे वाकडा झालेला कोपरा, सगळं पहिल्यांदा बघत असल्यासारखं बघितलं.

अकोल्यात आल्यावर ते चार शब्द फळ्यावरून पुसले. कप्तानसाहेबांनी विचारलं, "क्या हुआ?" मी म्हणालो, "भूल गया था, सर. बोला नहीं." त्यांनी मान हलवली आणि मला विमानाची चाकं धुवायला लावली.

होळीनंतर मला पुन्हा त्या बाजूला जायला मिळालं. पऱ्हाट्या, कापसाची वाळलेली झाडं, उपटून झाल्या होत्या, वावरं नांगरलेली, काळीभोर. घरी मी काहीच कळवलं नव्हतं. पण वेळ तीच होती आणि रविवारच होता. कुठेही कापड नव्हतं. मी वाकडा कोपरा शोधला, त्यावरून बाभूळ शोधली आणि पहिल्याच चकरेला वावर सापडलं. पण धुऱ्यावर दोन माणसं उभी होती. दोघं पांढऱ्या धोतरात, दोघांच्या डोक्याला पांढरा पटका, अंगापिंडानेही सारखेच. पुन्हा माझा गोंधळ उडाला. तेवढ्यात एकाने दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात हलवायला लागला. दुसऱ्याचे हात खालीच होते. तो नुसता वर बघत होता.

मी हात न करणाऱ्याच्या डोक्यावरून गेलो आणि पंख हलवले.