वरातीतला जॅझवाला

पंच्याऐंशीच्या सुमारास, दोंडाईच्याला मावसभावाच्या वरातीत त्याला एकदाच पाहिलं. बँडचा झगमगीत कोट, बटणांना न जुमानणारं पोट आणि हातात स्वतःचा सॅक्सोफोन. चहा पिताना त्यानंच सांगितलं, तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचा, मग त्यात रॉक मिसळायला लागला. जॅझवाले म्हणाले बाटला, रॉकवाले म्हणाले म्हातारा.

चौकात नाचाची धून सोडून त्यानं डोळे मिटले आणि आपलं ते मिश्रण सुरू केलं. नाचणारे हात वर करून थिजले.

मावसा ओरडले, "भाऊ, हाई काय वाजाडी राहिना?"

"मन्हंच शे, नाना. पह्यलीदाव इतला लोके उभा राहीसन आयकी राहिनात!"

बँडमालकानं त्याला तिथंच काढून टाकलं. कोट फेकून तो बनियनवरच, वाजवत वाजवत स्टेशनकडे निघाला. निम्मी वरात त्याच्यामागे गेली, सगळ्यांत पुढे मी. मावसा माझ्याशी अजून बोलत नाहीत.