कोणता कल?

आमच्या मामांइतका नोकरीवरून निघालेला माणूस अख्ख्या भिवंडी तालुक्यात न्हाय. बाकीचे एखाद्या कारखान्यातून निघतात, हे देशोदेशी निघालेले. मामा माझ्या बायकोचे. जहाजावर भंडारी, म्हंजी आचारी म्हणून गेले. सिंगापूर, मलाया, बँकॉक, जाकार्ता, जिथं उतरले तिथं हाटेलात लागले नि तिथनं काढले गेले. गावी पूर्ण्याला परत आले ते एक ट्रंक नि माणूस काढायचे सगळे कायदे घेऊन. सिंगापुरात म्हणं नोटीस देतात, मलायात कारण सांगतात, जाकार्त्यात तर मालकाला सरकारला विचारावं लागतं. हे जेवताना, दाढी करताना, लोकांच्या मयताला पण. चुलीजवळची मांजर हाकलायची तर आधी तिला कारण सांगायचे. मी हसायचो. मला अंगठेबहाद्दराला दुसरं काय येतं?

आणीबाणी उठली त्या साली टेमघरला मी लूम चालवायचो. चालवायचो कसला, उभ्या उभ्या झोपायचो. एकदा डुलकीत खांद्यावरचा पंचाच लूममधी गेला नि सगळं सूत तुटलं. शेठ शांतपणे बोलला, "कल से तेरी छुट्टी." मी खूश. घरी जाऊन बायकोला बोललो, चल, तुझ्या माहेरी जाऊ, सुट्टी भेटली. तिनं कपाळावर हात मारला नि मामांना निरोप धाडला. घरात दुसरी कमाई न्हवती.

सकाळी मामा कोट घालून माझ्यासंगती कारखान्यात. आधी शेठला सगळे देश फिरवून आणले. शेठ बोलला, "चाचा, ये भिवंडी है." तेव्हा मामांनी इचारलं, "सेठ, कौनसा कल?"

"मतलब?"

"गया हुआ कल बोले, तो कल इसने लूम किसका चलाया? आनेवाला बोले, तो वो अभी आया नहीं. आज तो आज है. कल आयेगा, तब निकालना."

लूमवाले सगळे हसायला लागले. शेठनं लय येळ तोंड दाबून धरलं, मग त्याचं पण सुटलं. "जा रे, मशीन चालू कर. आज है तो आज ही सही." मी असा छाती काढून गेलो की दुसऱ्याच्याच लूमवर जाऊन उभा राह्यलो.

शिफ्ट सुटली तरी मामा समोरच्या चहावाल्याकडं बसलेले. मला खरंच ठेवला का, ते बघायला. मी बोललो, मामा, एवढं येतं तर तुम्हाला सगळ्यांनी काढलं कसं?

मामा कपात फुंकत राह्यले. "कायदे चांगले हायत हो जावईबापू. पण दारात आपल्या बाजूनं बोलायला एक माणूस लागतो."

मी माझा अर्धा चहा त्यांच्या कपात ओतला.