घंटा आणि वरची कोथिंबीर

चहा निवायच्या आत सांगून टाकतो, कारण हे फार वेळ सांगण्यासारखं नाही. आणि हसायचं असेल तर तोंड पलीकडे करून हसा. तर मंडळी, मी माझ्या शाळेची घंटा विकली. विकली म्हणजे, विकली असती तरी थोडी लाज कमी वाटली असती. मी ती फुकट दिली.

थांबा, सुरुवातीपासून सांगतो.

मी शिकलो ते बडोद्याच्या एका चर्चच्या शाळेत. आमचे पणजोबा गायकवाडांच्या फौजेत घोड्यावर होते आणि मी खंडेराव मार्केटात टोमॅटोच्या क्रेटवर उभा असतो. घराण्याची ही प्रगती आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. रोज सकाळी भाजीचा लिलाव पुकारणं, हे माझं काम. वडिलांचंही तेच होतं. शाळेत माझ्या दप्तराला कांद्याचा वास यायचा, म्हणून शेजारी कुणी बसायचं नाही. मर्सी टीचर मला स्वतःच्या टेबलाजवळ पहिल्या बाकावर बसवायच्या आणि म्हणायच्या, ‘‘मला कांदा आवडतो.’’

मर्सी टीचर मूळच्या वसईच्या. शिकवायच्या इंग्रजीतून आणि रागवायच्या मराठीतून. त्यामुळे माझं मराठी चांगलं आहे.

यंदा शाळेची जुनी इमारत दुरुस्त करायची ठरली. लाल विटांची, लांब व्हरांड्याची, पहिल्या परदेशी फादरांनी बांधलेली. छप्पर गळायला लागलं होतं. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी वस्तू द्यायच्या, एका रविवारी संध्याकाळी त्यांचा लिलाव, मग जेवण, असा बेत निघाला. आता लिलाव पुकारणार कोण? आमच्या शाळेतून डॉक्टर निघालेत, वकील निघालेत, रिफायनरीतले मोठे साहेब निघालेत. पुकारा करणारा मी एकटाच.

नाव मर्सी टीचरनी सुचवलं, हे मला नंतर कळलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही, पण तिनं फादरांना सांगितलं, ‘‘जयवंतला बोलवा. त्याच्याइतकं कुणाला जमणार नाही.’’

काय सांगू, छाती इतकी फुगली की नवीन शर्टाचं बटण लागेना. कांद्याच्या वासाचा जयवंत स्टेजवर, आणि डॉक्टर-वकील खाली खुर्च्यांवर. मी आठ दिवस बायकोला आरशासमोर उभं करून तिलाच पुकारत होतो.

आता आमच्या धंद्यातल्या दोन गोष्टी तुम्हाला माहीत हव्यात. पहिली, लिलाव झटपट उरकायचा, कारण ऊन आलं की माल मऊ पडतो. दुसरी, सौदा पाच-दहा रुपयांवर अडला तर वर काहीतरी टाकायचं. दोन जुड्या कोथिंबीर, मूठभर मिरच्या, हाताला लागेल ते. गिऱ्हाईक खूश, माल मोकळा. हे मी इतकी वर्षं करतोय की त्यात डोकं लागत नाही, हातच करतो.

रविवारी पाच वाजता मी माईक हातात घेतला. फादर आमचे आणंदकडचे, तरुण आणि अगदी मऊ माणूस. म्हणाले, ‘‘जयवंतभाई, शांतिथी करजो. एक-दोन तास आहेत आपल्याकडे.’’

मी सव्वीस मिनिटांत लिलाव संपवला.

मुलांनी काढलेली चित्रं मी एकेक न दाखवता बाराचा गठ्ठा करून विकली. सिस्टरांनी हातानं भरलेला टेबलक्लॉथ लोक अजून चष्मे काढून बघत होते, तोवर तो गेला होता. एक डॉक्टरीणबाई केस मागे घेत होत्या, त्यांच्या नावावर डिनर सेट लागला. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते आणि भाव चांगले येत होते. मला वाटलं, आता ह्यांना कळलं पुकारा म्हणजे काय.

मग आली पहिल्या प्रिन्सिपलांची खुर्ची. सागवानी, वेताची बैठक. मांजलपूरचे कनुभाई नावाचे एक टाइल्सवाले आणि एक वकील यांच्यात जुंपली. कनुभाईंचा नातू शाळेत आहे. खुर्ची शेवटी कनुभाईंवर आली आणि अडली. मी पाचशे वर मागत होतो आणि कनुभाई मान हलवत होते.

‘‘पोसातुं नथी, भाई.’’ परवडत नाही म्हणे.

‘‘शेठ, एवढ्यासाठी काय थांबता?’’ माझा हात टेबलावर गेला. तांबड्या कापडावर पितळेचं काहीतरी झगझगीत ठेवलेलं होतं. ‘‘चला, वर हे घेऊन जा.’’

कनुभाई उठले, त्यांनी पाचशे वाढवले, ते पितळ काखेत मारलं आणि परत जाऊन बसले. खुर्ची टेम्पोनं घरी पोचायची होती. फादर तेव्हा मागच्या मंडपात जेवणाचं बघत होते आणि बाकीच्यांना वाटलं, कार्यक्रमात असंच आहे.

मी खाली उतरून मर्सी टीचरांशेजारी बसलो. त्यांनी चाचपडत माझा हात धरला.

‘‘छान केलंस, जयू. थोडं पळवलंस, पण छान.’’

‘‘तुमचा आशीर्वाद, टीचर.’’

‘‘फादर म्हणाले, तू लवकर संपवलंस तर आता आधी जेवण होऊ दे. मग शेवटी मी घंटा वाजवणार. तीस वर्षं रोज सकाळी मीच वाजवली. गुरुवारी मी वसईला जाते, भाचीकडे, कायमची. म्हटलं, एकदा हातात धरू दे.’’ मग हसून म्हणाल्या, ‘‘तिला पॉलिश केलंय म्हणे. सोन्यासारखी दिसते. तू बघितलीस ना? तिथेच टेबलावर आहे, तांबड्या कापडावर.’’

मी टेबलाकडे बघितलं. तांबडं कापड होतं.

तुम्ही विचाराल, दहा वर्षं त्या शाळेत होतास, घंटा ओळखली नाहीस? अहो, आमच्या वेळी ती काळीकुट्ट होती. पहिल्या फादरांनी जहाजातून आणलेली, इमारत नव्हती तेव्हा झाडाखाली हीच वाजवून मुलं गोळा केली म्हणे. तिच्या आवाजावर मी दहा वर्षं पळालो, पण तिचं तोंड कधी नीट बघितलं नव्हतं.

त्याच क्षणी मी एक वाक्य बोलायला हवं होतं: ‘‘टीचर, माझ्याकडून चूक झाली.’’ चार शब्द आहेत. लिलावात मी मिनिटाला दोनशे शब्द बोलतो. हे चार तोंडातून निघेनात. त्यांनी माझं नाव सुचवलं होतं आणि त्यांचा हात अजून माझ्या हातावर होता. मी म्हणालो, ‘‘टीचर, जरा जाऊन आलो,’’ आणि सुटलो.

कनुभाई त्यांच्या खुर्चीवर नव्हते. पावतीवर त्यांचा फोन नंबर होता. लावला. वाजला, वाजला, बंद झाला. सात वेळा लावला. पावतीवर सोसायटीचं नाव होतं. स्कूटर काढली आणि मांजलपूरला निघालो.

त्यांच्या दाराला कुलूप. शेजारच्या बाई जाळीतून म्हणाल्या, ‘‘ए तो जमवा गया छे.’’

जेवायला गेलेत. रविवारी संध्याकाळी बडोद्यात जेवायला गेलेला माणूस शोधायचा कुठे? निम्मं गाव बाहेर जेवत असतं. मी दोन हॉटेलांच्या बाहेरच्या रांगांत वाकून वाकून तोंडं बघितली. एका ठिकाणी लोकांना वाटलं मी मध्येच घुसतोय. तिथे मला गुजरातीत जे ऐकावं लागलं, ते राहू दे.

तेवढ्यात फादरांचा फोन. ‘‘जयवंतभाई, क्यां छो? जेवण संपत आलं. घंटा टेबलावर दिसत नाही, तुम्ही आत ठेवली ना?’’

बघा, इथे दुसरी संधी होती. मी काय म्हणालो? ‘‘हो फादर, माझ्याकडेच आहे. आणतो.’’

आणि स्कूटर पाणीगेटकडे, घराकडे वळवली.

आई देवघरापुढे बसली होती. निरांजन लावलेलं, पुस्तक उघडलेलं. मी तिच्या हातातली घंटा घेतली.

‘‘अरे, आरती व्हायची आहे!’’

‘‘टाळ्या वाजवून कर.’’

‘‘घंटा कुठे नेतोस?’’

‘‘शाळेत.’’

‘‘ह्या वयात?’’ आई म्हणाली, पण तोवर मी जिना उतरलो होतो.

आमच्या घंटेच्या दांड्यावर गरुड आहे. पंख पसरलेला, हात जोडलेला, छान घडवलेला. मी शाळेच्या फाटकात थांबलो आणि दांड्याला माझा रुमाल गुंडाळला. मनाशी म्हटलं, टीचरना दिसत नाही. आणि बाकीचे लांब बसलेत.

टीचरना दिसत नाही. हे मी मनाशी म्हणालो. ज्या बाईनं मला पहिल्या बाकावर बसवलं, तिच्या डोळ्यांचा मी हिशेब मांडला. बाकी सगळ्याचं मला आता हसू येतं, ह्याचं अजून येत नाही.

फादरांनी टीचरना धरून स्टेजवर आणलं. समोर माईक. लोक उभे राहिले. मी घंटा त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वर केली आणि वाजवली. आमच्या देवघरात ती बरी वाजते. तिथे ती ‘किण’ असं काहीतरी म्हणाली.

टीचर थांबल्या. घंटा कानाजवळ नेली, परत एकदा हळूच हलवली. मग त्यांची बोटं रुमालावरून फिरायला लागली. माईक चालूच होता.

‘‘जयू, ह्याला पंख आहेत.’’

मी म्हणालो, ‘‘देवदूत आहे, टीचर.’’

बोटं आणखी वर गेली. ‘‘चोच असलेला?’’

पहिल्या रांगेतल्या वकिलाला हसू आवरेना आणि मग मंडपभर ते पसरलं. फादर माझ्याकडे बघत होते. ते हसत नव्हते, रागावलेही नव्हते, त्यांना नुसतं काही कळत नव्हतं, आणि तेच मला सहन होईना. मी टीचरांसमोर खाली बसलो. माईकवरच सगळं सांगितलं. खुर्ची, पाचशे रुपये, वरची कोथिंबीर, मांजलपूर, आईची आरती. आवाज माझा नव्हताच. सकाळी अख्खं मार्केट हलवणारा माणूस मी, आणि शेवटच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, ‘‘जरा जोरथी बोलो ने!’’

म्हणून सगळं परत जोरात सांगावं लागलं.

दुसऱ्यांदा मी कनुभाईंच्या नावापर्यंत आलो तेव्हा जेवणाच्या मंडपाकडून आवाज आला, ‘‘कोण मने याद करे छे?’’

कनुभाई. एका हातात ताट, ताटात तिसऱ्यांदा घेतलेला गाजर हलवा, काखेत घंटा. ते कुठेही गेले नव्हते. जेवण ठेवलेलं असताना माणूस निघून जाईल असं मला वाटलंच कसं? जन्म बडोद्यात गेला माझा.

‘‘शेठ, फोन किती वेळा केला!’’

‘‘ए तमे हता? वाजतो तो हतो.’’ त्यांनी हलव्यानं माखलेली बोटं दाखवली. ‘‘पण हाथ जुओ ने.’’

सगळं समजल्यावर कनुभाईंनी एका शब्दानं भाव केला नाही. हात धुतले, स्टेजवर आले, घंटा टीचरांच्या हातात दिली आणि त्यांना वाकून नमस्कार केला. टीचरनी दांडा चाचपला, एका जागी अंगठा टेकवला. तिथे लाकूड झिजून खळगा पडला होता, त्यांच्याच अंगठ्याचा. आणि त्यांनी वाजवली.

तो आवाज आला आणि मंडपातली टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं आपोआप सरळ उभी राहिली. मीसुद्धा. मला रडू आलं. लाजेनं आलं की घंटेनं, ते विचारू नका. टीचर बराच वेळ वाजवत राहिल्या आणि कुणी खाली बसलं नाही.

मग त्यांनी घंटा फादरांकडे दिली आणि आमची गरुडाची घंटा रुमालासकट माझ्या हातात ठेवली.

‘‘ही आईला दे. आधी माफी माग, मग दे. आणि जयू, एकदा मला सांगितलं असतंस तर मी चमच्यानं ताट वाजवलं असतं. मला चाललं असतं.’’

मी घंटा काखेत घेतली.

टीचर कनुभाईंकडे वळल्या. ‘‘शेठ, वर मिळालेली वस्तू तुम्ही परत दिलीत. तुम्हाला रिकाम्या हातानं कसं पाठवू? घंटेच्या बदली वर ह्याला घेऊन जा.’’

कनुभाईंनी मला खालून वरपर्यंत बघितलं. दुधी घेताना माणूस बघतो तसं, नीट, घाई न करता. मग हात जोडले.

‘‘ना, बेन. मफतमां पण नहीं पोसाय.’’

त्या दिवशी सगळा माल उठला. राहिलो तो मी.