आबांची बडगी

"भरीतले हात लावू नको," अक्का सगळ्यांदेखत मला म्हणाली. "याच हातनी बापनी जखम धुस ना तू? बठ्ठा पाव्हना जेवाले येल शेतस."

अक्का आमची शेतमालकीण. तिच्या कपाशीत आम्ही बापलेकी वर्षानुवर्षं राबलो. हिवाळ्यातल्या भरीत पार्टीला वांगी मी भाजायची आणि होडीसारख्या लाकडी बडगीत ती ठेचायचे माझे वडील, आबा. ती बडगीही त्यांनीच बाभळीच्या खोडातून कोरलेली.

त्या वर्षी आबांचा अर्धा जबडा काढला होता. तंबाखूचा कॅन्सर. धुळ्याला एसटीने नेणं-आणणं, सगळं पातळ करून चमच्याने भरवणं, दिवसातून तीनदा ड्रेसिंग, सगळं माझ्याच अंगावर. सुरतेचा भाऊ फोनवर विचारायचा, आबा काय म्हणतात? काय म्हणणार? त्यांची जीभच वळत नव्हती.

घरात कोंडून माणूस वाळत चाललं होतं, म्हणून मीच त्यांना हट्टाने शेतात आणलं. तोंडाला रुमाल बांधून ते पंगतीच्या टोकाला बसले. अक्काने त्यांचं ताट उचलून गोठ्याजवळ ठेवायला लावलं. आबा उठले आणि ताटामागे चालू लागले.

अक्काचा राग आलाच. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त स्वतःचा आला. घरी त्यांचं ताट मीही वेगळंच ठेवलं होतं. हा रोग शिवल्याने, सोबत जेवल्याने होत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलेलं. तरीही. गावाला तर दाढेचं दुखणं म्हणून सांगत फिरले. आबा सवयीने उठले होते. ती सवय मी लावली होती.

धावत जाऊन मी त्यांचा हात धरला.

"आबा आठे बसतीन. पंगतमा."

"मंग तू उद्यापासून कामले येऊ नको."

"येवाव नही."

चुलीशेजारची बडगी मी काखेत मारली. वांगी भाजून पडलेली, पाहुणे बसलेले.

"ती ठेव!" अक्का ओरडली.

"ही आबानी शे."

घरी मी बिनतिखटाचं वांगं ठेचलं. एकाच ताटात जेवलो. आबांच्या तोंडातून घास गळत होता, जखमेला वास येत होता. मी जागची हलले नाही. दुसऱ्या दिवसापासून परक्या गावात निंदणीला जायला लागले.

यंदा अक्काचा निरोप आला, बडगी पाठव. मी उलटा निरोप धाडला. भरीत खायचंय त्याने माझ्या ओट्यावर यावं. ठेचणार मी, याच हातांनी. पंगतीत पहिलं ताट आबांचं. ज्याला चालत नसेल त्याने उपाशी जावं.