बाईंनी मागितलेला कागद

खिल्लारेबाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला. मी शाळेत होतो, परिपाठ नुकताच संपला होता. "सर, आई गेली पहाटं. तुमाला सांगायचं म्हणून सांगितलं," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. शेवटचं वाक्य तिनं सहज म्हटलं नव्हतं, हे मला तिथल्या तिथं कळलं. आठवड्यानं बाई जिथं शिकवत त्या अध्यापक विद्यालयात शोकसभा झाली. हार घातलेला फोटो, उदबत्त्या, आणि माईकपुढं प्राचार्य. "बाई म्हणजे आमच्या संस्थेचा कणा होत्या," असं म्हणून त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. हा कणा मोडायला याच माणसानं तीन वर्षं घालवली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात माझ्याकडं चिठ्ठी आली, दोन शब्द बोला म्हणून. मी ती चुरगाळून खिशात टाकली आणि बाहेर आलो. याला कुणी धाडस समजू नये. आत थांबलो असतो तर मलाही खोटंच बोलावं लागलं असतं.

सुमन खिल्लारे मूळच्या हट्टा गावच्या. आई-वडील दोघं दुसऱ्यांच्या रानात हळद काढायला जायची. घरातलं शिकलेलं हे पहिलंच माणूस. दहा-बारा वर्षं खेड्यापाड्यांतल्या शाळांत शिकवून बाई वसमतकडच्या या विद्यालयात आल्या, उद्याचे मास्तर घडवायला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं डी.एड.ला लागलो. आम्ही सगळे नुकतं मिसरूड फुटलेले, मुली दोन वेण्या घालून आलेल्या, आणि या बाईंनी पहिल्याच तासाला हजेरी घेताना प्रत्येकाला 'गुरुजी' म्हणून हाक मारली. आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसून हसायला लागलो. बाई चिडल्या नाहीत. "हसून घ्या," म्हणाल्या, "एकदा लेकरं म्हणाया लागली की हसू येत न्हाई."

शिक्षक व्हायचं तर खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांपुढं सराव पाठ घ्यावे लागतात. मागं बसून ते बघायचे आणि वहीत अभिप्राय लिहून सही करायची, हे मार्गदर्शक बाईंचं काम. बाकीचे मार्गदर्शक दाराशी खुर्ची टाकून बसत. खिल्लारेबाई मुलांच्या तरटाच्या बसकरपट्टीवर, अगदी शेवटच्या टोकाला मांडी घालून बसायच्या, शेजारच्या लेकराच्या गुडघ्याला गुडघा लावून. माझा पहिला पाठ चौथीला होता, 'पाण्याची रूपे'. थंड पेयाच्या दुकानातून बर्फाचा तुकडा भुशात गुंडाळून सायकलवर आणला होता. वर्गाला तो पाठ त्या महिन्यात आमच्यापैकी चौघांनी आधीच शिकवून ठेवला होता, हे मला कोण सांगणार? मी प्रश्न पुरता विचारायच्या आत वर्गानं एका सुरात उत्तर ठोकलं. मी गडबडलो आणि एकदम वाफेवर उडी मारली. पुढची एक मुलगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सर, तुमी बर्फ इसरले की. आधी बर्फ दाखवायचा, मंग आमी थंडगार म्हणायचं."

पाठ संपल्यावर तरी मी खुशीत होतो. सगळी उत्तरं बरोबर आली होती ना! वही पुढं केली तर बाई म्हणाल्या, "गुरुजी, सही कुणाच्या वहीत करू? पाठ तर लेकरांनी घेतला." आणि मग त्यांनी अभिप्रायाच्या रकान्यात एकच वाक्य लिहिलं. त्यांनी शेजारच्या मुलीला हळूच विचारलं होतं, वाफ झाल्यावर पाणी जातं कुठं गं? ती म्हणाली होती, "ते पाठात न्हाई." तेच वाक्य, जसंच्या तसं, माझ्या वहीत आहे. खाली सही नाही. मला रडू फुटायचं बाकी होतं. चार दिवसांनी मी तोच पाठ दुसऱ्या शाळेत पुन्हा घेतला. मुलांना हापशावर नेलं, ओल्या पाट्या उन्हात धरायला लावल्या आणि तोंड बंद ठेवलं. पाट्या वाळत गेल्या तशी मुलंच एकमेकांना विचारायला लागली. त्या दिवशी बाईंनी सही केली. निकाल पुढं वर्षभरानं लागला, पण मी मास्तर झालो तो त्या हापशावर.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. आजचे प्राचार्य तेव्हा माझे वर्गमित्र होते. त्यांचाही पहिला पाठ बाईंनी असाच परत पाठवला होता, आणि हापशावर पाट्या भिजवताना बादली धरायला तेच माझ्यासोबत होते.

पुढं काळ बदलला. दोन हजार सालानंतर जिकडं तिकडं अध्यापक विद्यालयं निघाली. प्रवेश घेऊन पोरं घरी राहायची, कुणी दुकान सांभाळायचं, कुणी शेती, आणि परीक्षेपुरती उगवायची. सराव पाठ वह्यांत व्हायला लागले. पाठाची टाचणं एकाची बघून दहा जण उतरवायचे, सह्या सगळे करायचे. सगळे म्हणजे एक सोडून. "मी बघितला न्हाई तो पाठ झाला न्हाई," एवढंच बाई म्हणायच्या. त्यांना समजावून झालं, धमकावून झालं, त्यांचा तास काढून त्यांना ग्रंथालयात बसवून झालं. बाई ग्रंथालयात बसल्या, पण सही केली नाही.

एका हिवाळ्यात विद्यालयानं कागदोपत्री एक गट माझ्या शाळेला जोडला. मी तोवर जवळा बाजारकडच्या एका खेड्यात मुख्याध्यापक झालो होतो. मार्गदर्शक म्हणून बाईंचं नाव होतं, तीन दिवस ठरले होते. पहिल्या दिवशी बाई वसमतहून सकाळच्या एसटीनं घंटेच्या आधी येऊन हजर. पाठ घेणारा छात्राध्यापक एकही नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, "बाई, कशाला येऊन राहिल्या? कुणी येणार न्हाई." त्या म्हणाल्या, "ते न्हाई आले म्हणून मी बी न्हाई यायचं का?" मग त्या माझ्याच चौथीच्या वर्गात पट्टीच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसायच्या. तिसऱ्या दिवशी निघताना हसून म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या सगळ्यांत मागच्या पोरीला दिसत न्हाई बराबर. पुढं बसवा." मी दोन वर्षं त्या मुलीला शिकवत होतो. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी प्राचार्य जीप घेऊन आले. मांडीवर वह्यांचा गठ्ठा. त्या तीन दिवसांचे पाठ आमच्या शाळेत झाल्याचं सगळ्या वह्यांत लिहिलेलं, फक्त शाळेचा शिक्का हवा होता. "अरे आपलीच पोरं हायेत, एक वर्ष वाया जाईल त्यांचं," म्हणाले. खांद्यावर हात ठेवला. जाताजाता माझ्या बहिणीच्या मुलीची चौकशी केली, ती पुढल्या वर्षी त्यांच्याकडंच प्रवेश घेणार होती. मी ड्रॉवर उघडला, शिक्का काढला आणि एकेक वही पुढं ओढत मारत गेलो. मला कुणी धाक घातला नव्हता. चहा प्यायलो आम्ही मधे.

त्या शिक्क्याचं पुढं काय होणार हे मला माहीत नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. संस्थेनं बाईंची चौकशी लावली. पाठ तर झाले, मुख्याध्यापकाचा शिक्का आहे. मग मार्गदर्शकाची सही का नाही? तर बाई त्या तीन दिवसांत तिथं गेल्याच नाहीत, म्हणून! ज्या बाईनं उभ्या आयुष्यात न बघितलेल्या पाठावर सही केली नाही, तिच्यावर कामचुकारपणाचा ठपका. आणि पुरावा म्हणून माझी शाळा.

बाई एका दुपारी पुन्हा आल्या. रागावल्या नाहीत, हे मला अजून सहन होत नाही. वर्ग सुटेपर्यंत पट्टीवर बसल्या आणि मग म्हणाल्या, "गुरुजी, मी आले होते एवढं लिहून द्या. शिक्क्याचं मी काई इचारत न्हाई." मी म्हणालो, "बघतो बाई." मान खाली घालून म्हणालो. बघितलं काहीच नाही. भाचीचा प्रवेश झाला, मग तिची परीक्षा आली, मग निकाल... कारण कधी संपलं नाही. बाई तो ठपका घेऊन निवृत्त झाल्या. दर वर्षी कुठं ना कुठं भेट व्हायची, त्या तब्येत विचारायच्या, शाळेतली पोरं विचारायच्या. कागदाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मीही मूग गिळून बसलो.

शोकसभेतून बाहेर आलो तेव्हा बाईंची मुलगी व्हरांड्यात उभी होती. तीही आत बसली नव्हती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई म्हणायची, गुरुजी लिहून देतील, थोडा येळ लागंल त्यांना. मी म्हणायचे, न्हाई देणार. शेवटी शेवटी आमचं भांडण व्हायचं त्याच्यावरून." मग ती आत जाऊन आईचा फोटो टेबलावरून उचलून घेऊन आली. भाषण चालूच होतं.

मला प्राचार्यांचा राग आहे, संस्थेचा आहे, त्या गठ्ठ्यातल्या पोरांचाही आहे. त्यांतली काही आज कुठं तरी शिक्षक म्हणून रुजू आहेत आणि त्यांनी आपला पहिला पाठ कुणाच्या तरी लेकरांवर पगार घेऊन शिकून घेतला असेल. पण खरा राग ड्रॉवर उघडणाऱ्या हाताचा आहे, आणि तो कुणावर ढकलता येत नाही. शाळेतली ती बसकरपट्टी अजून तीच आहे. शेवटचं टोक उसवलंय, मुलं तिथले धागे ओढत बसतात. बाई गेल्यापासूनच्या या पाच आठवड्यांत मी दोनदा तिथं बसून पाहिलं. तिथून फळा दिसतो, पण त्याहून जास्त मुलांच्या माना दिसतात, आणि कोण डोळे बारीक करून बघतंय तेही दिसतं.

बाई, फार वेळ लागला. हे सगळं छापून आल्यावर माझं जे व्हायचं ते होईल. लिहून देतो की, त्या तीन दिवसांत आमच्या शाळेत एकही सराव पाठ झाला नाही. एकही छात्राध्यापक आला नाही. श्रीमती सुमन खिल्लारे तिन्ही दिवस घंटेच्या आधी हजर होत्या आणि शाळा सुटेपर्यंत चौथीच्या वर्गात, पट्टीच्या शेवटच्या टोकाला बसून होत्या. वह्यांवरचा शिक्का मी मारला आहे.