लगेच चालवते

"धन्यवाद दादा, लगेच चालवते." प्रोग्रामिंगच्या ग्रुपवर एका अनोळखी बाईंचा हा मेसेज सकाळपासून तसाच आहे. वाचनालयाच्या यादीतून सोडून गेलेले सभासद कसे काढायचे, असं त्यांनी विचारलं होतं. मी ऐटीत कोडची एक ओळ लिहून दिली. चहा ओतताना लक्षात आलं, 'फक्त सोडून गेलेले' ही अट घालायचीच राहिली. त्या ओळीने अख्खी यादी पुसली जाईल.

"थांबा, चालवू नका!" तीनदा लिहिलं. उत्तर नाही.

रस्ता चुकीचा सांगितला, तर निदान पाठमोऱ्या माणसाला हाक मारता येते. इथे त्या कुठल्या गावच्या, तेही मला ठाऊक नाही. आणि त्यांनी माझं नावसुद्धा न विचारता विश्वास ठेवला.

ती ओळ मी पुसून टाकली. आता माझ्या तीन 'थांबा'च्या वर त्यांचे आभार तेवढे उरलेत.